नवी बटणं बसवूनही स्टिअरिंगवरून आवाज वाढत नाही? पार्ट मागवण्याआधी क्लॉक स्प्रिंग तपासा

ही तक्रार बहुतेक वेळा एकाच वाटेने येते. गाडीच्या वरच्या मॉडेलला स्टिअरिंगवर आवाजाची, गाणं बदलायची, फोन उचलायची बटणं असतात आणि आपल्या मॉडेलला त्याच जागी नुसतं प्लास्टिकचं झाकण असतं. बटणांचा संच शोधला की मिळतो, दिसायला हुबेहूब असतो, खाचेत टक्कन बसतोही. पण मग काहीच चालत नाही. नाहीतर आवाज कमी करायला जावं तर उलट वाढतो. किंवा काही महिने सगळं सुरळीत चालतं आणि एक दिवस बटणं दाद देईनाशी होतात. मग पुन्हा बटणांचाच नवा संच मागवला जातो, कारण बोट तिथेच लागतं आणि संशयही तिथेच जातो. नव्या संचाचंही पुढे तेच होतं.

माझं म्हणणं सरळ आहे. बटणं हा या कामातला सगळ्यात शेवटी घ्यायचा भाग आहे. आधी गाडीच्या आतून सुरुवात करायची: म्युझिक सिस्टीम कोणता सिग्नल ओळखते, डॅशबोर्डमागून स्टिअरिंग कॉलमपर्यंत, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यापर्यंत, तारा आल्या आहेत का, क्लॉक स्प्रिंगमध्ये, म्हणजे स्टिअरिंगमागच्या वीज नेणाऱ्या डबीत, तेवढे मार्ग आहेत का. या तिन्हींची उत्तरं हातात आली की कोणती बटणं घ्यायची ते आपोआप ठरतं. उलट्या बाजूने गेलात तर एकेक पार्ट घरी येत राहतो आणि कशाचाच कशाशी मेळ बसत नाही.

क्लॉक स्प्रिंग म्हणजे काय

स्टिअरिंग फिरतं, कॉलमचं आवरण जागेवर राहतं. या दोघांमधून वीज न्यायची तर साधी तार चालत नाही, दोन-चार वळणांत पिळून तुटेल. म्हणून मधे एक गोल डबी असते आणि तिच्यात चपट्या रिबनची सैल गुंडाळी. स्टिअरिंग एका बाजूला फिरवलं की ती आवळते, दुसऱ्या बाजूला फिरवलं की सैल होते. कंपनीप्रमाणे नाव बदलतं: टोयोटा तिला स्पायरल केबल म्हणते, होंडा केबल रील. एअरबॅग, हॉर्न, ऑडिओची बटणं, क्रूझ कंट्रोल (गाडीचा वेग आपोआप धरून ठेवणारी सोय), गरम होणारं स्टिअरिंग असेल तर त्याचा पुरवठा, सगळं या एका डबीतून जातं.

आता अडचण इथे आहे. ज्या मॉडेलला बटणं नाहीत, त्याला अनेक कंपन्या कमी मार्गांची क्लॉक स्प्रिंग बसवतात: एअरबॅगचे आणि हॉर्नचे, बस. बाहेरचा कनेक्टर मात्र तोच असतो. बारा घरांचा कनेक्टर दिसतो, आत डोकावलं तर पिना चार किंवा पाच. बटणं बसवूनही काहीच होत नाही, या तक्रारीमागे फार वेळा हेच निघतं. बटणं चांगली असतात, पण त्यांचा सिग्नल न्यायला रस्ताच नसतो. म्हणून कनेक्टरची घरं मोजू नका, आतल्या धातूच्या पिना मोजा. पुढे कॉलमखालच्या कनेक्टरमध्येही तसंच बघायचं. तिथल्या वायरिंगमध्ये त्या जागा रिकाम्या असतील तर क्लॉक स्प्रिंग बदलूनही उपयोग नाही, कॉलमपासून म्युझिक सिस्टीमपर्यंत स्वतंत्र तारा ओढाव्या लागतील. ते काम अवघड नाही, पण आधी माहीत असलेलं बरं.

लक्षणांवरून दोष कुठे आहे ते ओळखणं

बटणं आधी चालत होती आणि आता बंद पडली आहेत, तर काहीही विकत घेण्यापूर्वी हॉर्न वाजवून बघा आणि डॅशबोर्डवरच्या एअरबॅगच्या दिव्याकडे नजर टाका. हॉर्न गेला आहे, एअरबॅगचा दिवा पेटून राहतो आहे आणि बटणंही मेली आहेत, असं तिन्ही एकत्र झालं तर दोष क्लॉक स्प्रिंगचाच धरून चाला. स्टिअरिंग वळवताना आतून कागद घासल्यासारखा आवाज येत असेल तर रिबन दुमडली किंवा फाटली आहे. हे बटणांपुरतं राहत नाही. तुटलेल्या रिबनमुळे अपघाताच्या क्षणी ड्रायव्हरची एअरबॅग उघडणारच नाही, असं होऊ शकतं. दिवा पेटलेला असताना गाडी तशीच महिनोन् महिने चालवणारे लोक दिसतात तेव्हा मला खरोखर काळजी वाटते. बटणं चालली नाहीत तर फार तर गैरसोय होते, हा दिवा मात्र अंगावर काढायचा नाही.

हॉर्न वाजतो, एअरबॅगचा दिवा सुरू होऊन नेहमीसारखा विझतो, पण एकदोनच बटणं चुकीचं काम करतात, तर संशय बटणांच्या संचावर, अर्थिंगवर (वीज परत नेणाऱ्या ऋण बाजूच्या तारेवर) किंवा म्युझिक सिस्टीमवर घ्या. बटणं सरळ जाताना चालतात आणि वळणावर मरतात, तर पुन्हा क्लॉक स्प्रिंग. आणखी एक लक्षण लोकांच्या ध्यानात येत नाही: दिवसा सगळं ठीक आणि हेडलाइट लावले की बटणं वेड्यासारखी वागतात. बटणांमागच्या दिव्याची आणि बटणांच्या सिग्नलची अर्थिंगची तार एकच असेल आणि ती तार कुठेतरी कमकुवत असेल तर असं होतं. दिवा लागला की त्या तारेवर थोडा व्होल्टेज चढतो आणि सिस्टीमला दाबलेलं बटण दुसरंच वाटतं. इथे नवा संच मागवून काही साधत नाही, अर्थिंग नीट करायचं.

मल्टिमीटर लावा, अंदाज थांबतील

बऱ्याच गाड्यांत ही बटणं रोधाच्या, म्हणजे विजेच्या वाटेतल्या अडथळ्याच्या, पायऱ्यांवर चालतात. रोध ओहममध्ये मोजतात. प्रत्येक बटण दाबलं की दोन तारांमध्ये वेगळा रोध येतो. म्युझिक सिस्टीम त्या तारेवर थोडा व्होल्टेज सोडून ठेवते आणि तो किती खाली आला यावरून कोणतं बटण दाबलं ते ओळखते. म्हणून चार-सहा बटणांना दोनच तारा पुरतात.

टोयोटाच्या अनेक गाड्यांचे आकडे उदाहरणासाठी घेऊ, कारण त्यावरून दोष कसा वाचायचा ते कळतं. काहीही दाबलेलं नसताना ऑडिओ बटणांच्या पहिल्या जोडीत सुमारे १,००,००० ओहम असतात. पुढचं गाणं दाबलं की जवळजवळ शून्य, म्हणजे २.५ ओहमपेक्षा कमी. मागचं गाणं सुमारे ३२९ ओहम, आवाज वाढवणं १,००० ओहम, आवाज कमी करणं ३,११० ओहम.

आता समजा वाटेत कुठेतरी पिनेवर गंज चढला आणि ३०० ओहमचा अडथळा वाढला. पुढचं गाणं दाबलं तरी सिस्टीमला ३०० ओहम दिसतात, ती मागचं गाणं लावते. उलट बाजूने, संचात ओल शिरली आणि दोन तारांमध्ये १,५०० ओहमची गळती सुरू झाली, तर आवाज कमी करायच्या ३,११० ओहमचा तिच्याशी समांतर मेळ होऊन १,००० ओहमच्या आसपास वाचन येतं. बटण आवाज कमी करायचं, आवाज वाढतो. अशा वेळी दोष कोणत्या जातीचा आहे हे आकडाच सांगतो: वाचन ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं तर वाटेत अडथळा आहे, खाली आलं तर गळती.

मोजायचं दोन ठिकाणी. आधी बटणांचा संच सुटा हातात असताना त्याच्याच पिनांवर. मग संच जोडून, म्युझिक सिस्टीमचा कनेक्टर काढून, त्या कनेक्टरवर. दोन्ही वाचनांत काही ओहमचाच फरक असायला हवा. दुसऱ्या ठिकाणी मोजताना बटण दाबून ठेवून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला एक मदतनीस घ्या. आकडा मधेच उडी मारत असेल तर क्लॉक स्प्रिंग गेली, दुसरी तपासणी करायची गरज उरत नाही.

पिवळ्या कनेक्टरला मात्र मल्टिमीटरची सुई लावायची नाही. पिवळा म्हणजे एअरबॅग. मीटर रोध मोजताना स्वतः थोडा प्रवाह सोडतं आणि एअरबॅगचा स्फोटक घटक विजेवरच पेटतो.

काही नव्या गाड्यांत हा रोधाचा प्रकार नसतो. स्टिअरिंगमध्येच छोटं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसलेलं असतं आणि ते कॉलममधल्या मॉड्यूलशी लिन बसवरून, म्हणजे डिजिटल संदेश नेणाऱ्या एका तारेवरून, बोलतं. फोक्सवागनच्या मल्टिफंक्शन स्टिअरिंगमध्ये हे दिसतं. तिथे संचाच्या पिनांवर रोध मोजून काहीच अर्थ लागत नाही, आणि रोधाची बटणं तिथे जोडून चालणारही नाहीत. कॉलमचं मॉड्यूल मल्टिफंक्शन स्टिअरिंगला साथ देणाऱ्या जातीचं लागतं, आणि बसवल्यावर स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) कोडिंग करावं लागतं. हे खातं वेगळं आहे हे पार्ट शोधायच्या आधीच ओळखा.

पार्ट नंबर कसा वाचायचा

फोटो बघून पार्ट घेणं हेच या सगळ्या त्रासाचं मूळ आहे. फोटोत बटणांवरची चित्रं दिसतात, मागचे रोध दिसत नाहीत. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांचे संच एकाच साच्यातले असून आतले आकडे वेगळे असू शकतात.

म्हणून चासी नंबरवरून कंपनीची पार्टची सूची उघडायची. स्वतःला मिळत नसेल तर अधिकृत विक्रेत्याच्या पार्ट काउंटरवर मागायची. त्यात आपल्या मॉडेलचा आणि त्याच वर्षाच्या, त्याच पिढीच्या वरच्या मॉडेलचा असे दोन्ही तक्ते शेजारी ठेवून क्लॉक स्प्रिंगचा नंबर ताडून बघायचा. दोन्हीकडे नंबर एकच असेल तर मोठी अडचण सुटली: कंपनीने सगळ्यांना सगळे मार्ग असलेली डबीच दिली आहे, फक्त बटणं आणि त्यांची छोटी वायरिंग लागेल. नंबर वेगळे असतील तर खरेदीच्या यादीत सगळ्यात वर क्लॉक स्प्रिंग येते.

नंबरचा पहिला भाग पार्टची जात सांगतो आणि पुढचा भाग गाडी. टोयोटात ८४३०६ ने सुरू होणारा नंबर स्पायरल केबलचा, ८४२५० ने सुरू होणारा स्टिअरिंगवरच्या बटणांचा, ८४६३२ चा क्रूझच्या दांडीचा. होंडात ७७९०० म्हणजे केबल रील, ३५८८० ऑडिओची बटणं, ३६७७० क्रूझची. ह्युंदाईत ९३४९० म्हणजे क्लॉक स्प्रिंग. फोक्सवागनच्या नंबरात मधले आणि शेवटचे आकडे ९५९ ६५३ असतील तर ती क्लॉक स्प्रिंग, ९५३ ५४९ असतील तर कॉलमचं मॉड्यूल. तिथे शेवटच्या अक्षराला फार महत्त्व आहे. बाकी नंबर जुळतो आणि अक्षर वेगळं आहे, म्हणजे बहुधा आतलं काहीतरी बदललेलं आहे. 'एका अक्षराने काय होतंय' असं विक्रेता म्हणाला तर मान हलवू नका, दोन अक्षरांमधला फरक सूचीत शोधा.

नंबर रद्द होऊन त्याजागी नवा आलेला असतो, असंही होतं. सूचीत जुन्याच्या पुढे नवा दिलेला असतो आणि तो निर्धास्त घेता येतो. दुसऱ्या विक्रेत्याने स्वतःच्या मनाने 'हाच चालतो' म्हणून दिलेला नंबर मात्र त्या जातीचा नव्हे.

रंगाचं सांगायला हवं. नंबरच्या शेवटी असलेले दोन वर्ण बऱ्याचदा प्लास्टिकचा रंग दाखवतात. बटणांमागचा उजेड पांढरा, हिरवा, नारिंगी की लाल हेही विचारून घ्या, रात्री डॅशबोर्डला न शोभणारा रंग रोज खटकतो.

क्लॉक स्प्रिंग घेताना आणखी दोन गोष्टी जुळायला हव्यात. एअरबॅग एका टप्प्याची की दोन टप्प्यांची: एकाला पेटवायच्या दोन तारा, दुसरीला चार. आणि स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर त्याच डबीत आहे का. असेल तर बदलल्यावर त्याचा शून्य बिंदू स्कॅनरने पुन्हा बसवावा लागतो. नाहीतर गाडी सरळ जात असताना घसरण रोखणाऱ्या यंत्रणेला ती वळते आहे असं वाटतं आणि तिचा दिवा पेटतो.

नवा, जुना की नकली

बटणांचा संच जुन्या गाडीतून काढलेला घ्यायला माझी हरकत नाही. उलट, स्वस्त नकली संचापेक्षा वापरलेला अस्सल संच बरा. नकली संचात रोध सैल मापाचे असतात आणि बटणाखालचा रबर लवकर कडक होतो. विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: मागच्या लेबलचा, कनेक्टरच्या तोंडाचा पिना दिसतील असा, आणि लॉकच्या खिट्ट्यांचा. खिट्टी तुटलेली असेल तर बटण दाबताना संच आत जातो. संचापासून निघणारी छोटी वायरिंग सोबत मागायला विसरू नका. ती वेगळी शोधणं जिवावर येतं.

क्लॉक स्प्रिंग मात्र नवी आणि अस्सल घ्या. वापरलेल्या डबीची रिबन किती वळणं खाऊन झाली आहे हे बाहेरून कळत नाही. ज्या गाडीची एअरबॅग उघडली आहे तिच्यातली तर अजिबात नको. नवी डबी मध्यावर लॉक करून येते. पाकीट उघडल्यावर लॉक निघालेलं असेल तर परत करा, किंवा निदान मध्य स्वतः शोधल्याशिवाय बसवू नका.

एअरबॅगच्या बाबतीत तडजोड नाही. कधीकधी वरच्या मॉडेलचं अख्खं स्टिअरिंग घ्यावं लागतं आणि त्याच्या हॉर्न पॅडचा आकार वेगळा असतो, म्हणून मोह होतो की एअरबॅगही जुनीच घ्यावी. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा संस्थेने निकृष्ट, स्वस्त बदली इन्फ्लेटरबद्दल (एअरबॅग फुगवणाऱ्या भागाबद्दल) जाहीर इशारा दिला, कारण ते फुटून धातूचे तुकडे लागल्याने माणसं दगावली होती. ताकाता या जपानी कंपनीच्या जुन्या इन्फ्लेटरमध्येही ओलावा आणि उष्णतेने आतलं स्फोटक अमोनियम नायट्रेट बिघडून असंच झालं आणि कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कुठल्या गाडीतून निघाली हे माहीत नसलेली एअरबॅग छातीसमोर बसवू नका. एकतर अधिकृत काउंटरवरून नवी घ्या, नाहीतर आपल्याच एअरबॅगला जुळणारं स्टिअरिंग शोधा.

बसवताना

बॅटरीची ऋण बाजू काढा आणि थांबा. टोयोटाची पुस्तिका किमान ९० सेकंद सांगते, काही कंपन्या जास्त सांगतात. आपल्या गाडीचा आकडा बघा आणि त्याहून थोडा जास्त वेळ थांबा, घाई करण्यासारखं इथे काही नाही. काढलेली एअरबॅग ठेवताना मऊ बाजू वर. पालथी ठेवली आणि चुकून उघडली तर ती उडते.

नुसता बटणांचा संच बदलायचा असेल तर बऱ्याच गाड्यांत एअरबॅग काढली की भागतं. क्लॉक स्प्रिंगसाठी स्टिअरिंग उतरवावं लागतं. चाकं सरळ ठेवा, शाफ्टवर आणि स्टिअरिंगवर खूण करा, आणि ओढताना नट थोड्या आट्यांवर राहू द्या, नाहीतर स्टिअरिंग एकदम सुटून तोंडावर येतं. परत बसवताना टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) वापरा. टोयोटाच्या अनेक गाड्यांत हा नट ५० न्यूटन मीटरला आवळतात.

मध्य शोधायची टोयोटाची रीत: डबी डावीकडे हलक्या हाताने अडेपर्यंत फिरवायची, मग उजवीकडे सुमारे अडीच फेरे, खुणा जुळेपर्यंत. दुसऱ्या कंपनीचे फेरे वेगळे असतील, पण तत्त्व तेच आहे, दोन्ही बाजूंना सारखी रिबन शिल्लक राहिली पाहिजे. काही महिन्यांत पुन्हा पुन्हा क्लॉक स्प्रिंग जाते अशी तक्रार असेल तर पार्टला दोष देण्याआधी हे बघा. मध्य चुकलेली डबी रोजच्या वळणांत चालते आणि गाडी जागेवर पूर्ण वळवताना एका टोकाला ताणून तुटते.

बाहेरची म्युझिक सिस्टीम असेल तर

अशा सिस्टीमच्या मागे बहुतेक वेळा की १, की २ या बटणांच्या सिग्नलच्या आणि अर्थिंगची अशा तारा असतात. कंपनीच्या तारा तिथे जोडून, सेटिंगमध्ये एकेक बटण शिकवायचं. शिकवताना गाडी सुरू ठेवा आणि हेडलाइट लावा, मग बंद करून तीच बटणं पुन्हा तपासा. एकाच तारेवर कंपनीची जुनी सिस्टीम आणि नवी सिस्टीम दोन्ही जोडून ठेवू नका, दोघींचे व्होल्टेज एकमेकांत मिसळून एकही बटण नीट ओळखलं जात नाही. काही सिस्टीमना थेट तारा चालत नाहीत, ३.५ मिलिमीटरच्या पिनेतून येणारा रिमोटचा सिग्नल लागतो. तिथे मधे अडॅप्टर घ्यावा लागतो, आणि तो सिस्टीमचं नाव आणि गाडीचं मॉडेल दोन्ही बघून.

क्रूझ कंट्रोलची बटणं याच कामात लावायचा विचार असेल तर ते ऑडिओसारखं समजू नका. टोयोटाच्या दांडीतही रोधच असतात, पुन्हा सुरू करायला सुमारे २४० ओहम, वेग धरायला ६३०, रद्द करायला १,५४०, पण हा सिग्नल इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जातो. त्या कॉम्प्युटरला क्रूझ येत असायला हवं आणि ब्रेकच्या स्विचमध्ये रद्द करणारा संपर्क असायला हवा. मॅन्युअल गाडीत क्लचच्या स्विचचंही तेच. ब्रेकला पाय लागताच क्रूझ सुटतंय याची खात्री मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात करून घेतल्याशिवाय ते वापरायचं नाही.

सगळं जोडून झाल्यावर बॅटरी लावा आणि किल्ली फिरवून एअरबॅगचा दिवा लागून विझतो का ते आधी बघा. मग इंजिन सुरू करून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवा, फिरवताना हॉर्न आणि आवाजाची बटणं दाबत राहा. एका टोकाला फिरवणं जड गेलं किंवा तिथेच बटण मेलं, तर मध्य चुकला आहे. गाडी रस्त्यावर न नेता बॅटरी काढून पुन्हा उघडा.